परक्याच्या हातचे स्वातंत्र्य : आन्ते पावेलिच याचे जीवन आणि राज्य

१० एप्रिल १९४१ रोजी दुपारी झाग्रेब नगरीच्या नभोवाणीवरून एक घोषणा झाली. क्रोएशिया हे स्वतंत्र राज्य झाले आहे, असे ती सांगत होती. जी प्रजा ११०२ सालापासून हंगेरीच्या राजमुकुटाशी जोडलेली होती, १५२७ पासून हाप्सबुर्ग घराण्याच्या छत्राखाली राहिली आणि १९१८ नंतर बेलग्रेडच्या राजाची प्रजा बनली, तिच्या कानी आठ शतकांनंतर हा शब्द पडत होता. त्या दिवशी झाग्रेबचे पुष्कळ लोक आनंदाने रस्त्यांवर आले, ही गोष्ट खरी आहे. त्याच रस्त्यांवरून जर्मन रणगाडे चालले होते, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. ज्याच्या नावाने ही घोषणा झाली तो पुरुष मात्र त्या वेळी स्वदेशात नव्हता. तो इटलीत, मुसोलिनीच्या आश्रयास होता. त्याचे नाव आन्ते पावेलिच.

हे चरित्र आनंद देणारे नाही; अनुकरणीय तर मुळीच नाही. तरीही ते वाचले पाहिजे, याचे कारण असे की त्याच्या आरंभी एका समाजावरील खरा अन्याय उभा आहे. ज्याला काहीच दुःख नव्हते असा मनुष्य क्रूर झाला, तर त्याचा विचार विकृती म्हणून करता येतो. परंतु ज्याच्या समाजाचे गाऱ्हाणे रास्त होते, त्याच गाऱ्हाण्यातून लक्षावधी निरपराध्यांचा संहार कसा निपजला, हे समजून घेणे अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक अगत्याचे आहे.

एक बोली, दोन लिपी

आड्रियाटिक समुद्राच्या पूर्व तीरापासून डॅन्यूब नदीपर्यंत पसरलेल्या प्रदेशात क्रोएट, सर्ब आणि बोस्नियातील मुसलमान हे तीन समाज शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी राहत आले. तिघेही दक्षिण स्लाव्ह. तिघांची बोली इतकी निकटची की झाग्रेबचा रहिवासी बेलग्रेडला गेला तर त्याला दुभाष्या लागत नाही. भेद आहे तो उपासनेचा आणि लिपीचा. क्रोएट हे रोमन कॅथलिक आणि रोमन लिपीत लिहिणारे. सर्ब हे ऑर्थोडॉक्स पंथाचे आणि सिरिलिक लिपी जपणारे. एकच बोली अनेक लिपींत लिहिली जाते आणि प्रत्येक लिपीच्या पाठीशी देवस्थान, पाठशाळा व घराणे यांची स्मृती उभी असते, हे कोंकणीच्या वाचकास विस्ताराने सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात राष्ट्रभावना जागी झाली, तेव्हा तिचे दोन प्रवाह झाले. एक प्रवाह सर्व दक्षिण स्लाव्हांचे ऐक्य मागणारा. दुसरा क्रोएशियाच्या प्राचीन राज्यहक्काचा आग्रह धरणारा. दुसऱ्या प्रवाहाचा प्रणेता आन्ते स्तार्चेविच. त्याचा ‘हक्क पक्ष’ १८६१ साली उदयास आला. १८९५ मध्ये त्यात फूट पडून योसिप फ्रांक याने ‘शुद्ध हक्क पक्ष’ काढला आणि सर्बद्वेष हे त्याचे मुख्य भांडवल केले. हा फ्रांक जन्माने ज्यू होता व पुढे कॅथलिक झाला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

वकील आणि विधिमंडळ

पावेलिचचा जन्म १४ जुलै १८८९ रोजी बोस्निया-हर्सगोविनातील ब्रादिना या डोंगराळ गावी झाला. आईबाप क्रोएशियातील लिका प्रांताचे. बाप रेल्वेच्या बांधकामावर कामाला होता. मुलाने झाग्रेबला कायद्याचे शिक्षण घेतले, १९१५ साली डॉक्टरची पदवी मिळविली आणि हक्क पक्षाच्या एका पुढाऱ्याच्या कचेरीत उमेदवारी करून पुढे स्वतःची वकिली थाटली. पक्ष फ्रांकच्या परंपरेतला होता. तीच परंपरा त्याने उचलली.

१ डिसेंबर १९१८ रोजी सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे संयुक्त राज्य जाहीर झाले. नावात तिघे होते, पण सत्ता बेलग्रेडच्या राजघराण्याच्या हाती एकवटली. १९२१ ची राज्यघटना क्रोएटांच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या गैरहजेरीत, साध्या बहुमताने संमत झाली. सैन्य आणि वरिष्ठ अधिकारपदे यांत क्रोएटांना स्थान अल्प होते. खेडोपाडी सशस्त्र पोलिसांचा जाच होता. या असंतोषाला वाचा फोडणारा खरा लोकनेता होता शेतकरी पक्षाचा स्त्येपान रादिच. त्याच्या मागे खेडीच्या खेडी होती. पावेलिचचा पक्ष त्या मानाने अगदी लहान, झाग्रेबच्या काही शहरी मंडळींपुरता. तरीही १९२७ साली तो बेलग्रेडच्या संसदेत निवडून गेला. त्याच वर्षी स्कोप्ये येथे खटला चाललेल्या मॅसिडोनियन विद्यार्थ्यांचे वकीलपत्र त्याने घेतले. मॅसिडोनियाच्या क्रांतिकारक संघटनेशी जुळलेले हे नाते पुढे रक्तरंजित ठरावयाचे होते.

२० जून १९२८ रोजी संसदेच्या भर सभागृहात पुनिशा राचिच या सरकारपक्षाच्या सदस्याने पिस्तूल काढून क्रोएट प्रतिनिधींवर गोळ्या झाडल्या. दोघे तेथेच गतप्राण झाले. रादिच घायाळ झाला आणि ८ ऑगस्टला वारला. ६ जानेवारी १९२९ रोजी राजा अलेक्झांडर याने राज्यघटना रद्द केली, संसद बरखास्त केली आणि सारी सत्ता आपल्या हाती घेतली.

येथवरची हकीकत वाचून वाचकांची सहानुभूती क्रोएट प्रजेकडे गेली, तर ते योग्यच आहे. पण येथूनच दोन वाटा फुटतात. रादिचचा वारस व्लादको माचेक याने तुरुंगवास सोसला, देशातच राहिला, पक्ष टिकवून धरला आणि शेवटी २६ ऑगस्ट १९३९ च्या करारान्वये क्रोएशियाला संयुक्त राज्यात स्वायत्तता मिळवून दिली. ती वाट लांबची आणि अर्ध्या यशाची होती. पावेलिच याने दुसरी वाट धरली. जानेवारी १९२९ मध्येच तो देशाबाहेर पडला. त्याच वर्षी सोफियाला जाऊन त्याने मॅसिडोनियन संघटनेशी संयुक्त जाहीरनामा काढला आणि बेलग्रेडच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला देहान्ताची शिक्षा ठोठावली.

मार्सेयचा गोळीबार

परदेशात त्याने जी संघटना उभारली तिचे नाव ‘उस्ताशा’. या शब्दाचा अर्थ बंड करून उठलेला. तिचा प्रमुख म्हणून पावेलिचने ‘पोग्लाव्निक’ म्हणजे नायक हे बिरुद घेतले. मुसोलिनीच्या इटलीत तिच्या छावण्या निघाल्या. हंगेरीतही एका शेतवाडीवर शस्त्रांचे शिक्षण चाले. १९३३ साली त्याने संघटनेची तत्त्वे प्रसिद्ध केली. ज्याच्या अंगात क्रोएट रक्त नाही त्याला क्रोएशियाच्या राज्यकारभारात बोलण्याचा अधिकार नाही, हे त्यांतले एक तत्त्व होते. ज्या प्रदेशात तीन समाजांची घरे एकाच गल्लीत होती, त्या प्रदेशाविषयीचे हे तत्त्व होते. पुढे जे घडले त्याचे बीज येथेच पडले.

९ ऑक्टोबर १९३४ रोजी राजा अलेक्झांडर फ्रान्सच्या भेटीसाठी मार्सेय बंदरात उतरला. काही मिनिटांतच मॅसिडोनियन संघटनेच्या व्लादो चेर्नोझेम्स्की याने त्याला गोळ्या घातल्या. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू हेही त्या गोंधळात मृत्यू पावले. मारेकऱ्याचे साथीदार उस्ताशा होते. फ्रेंच न्यायालयाने १९३६ मध्ये पावेलिचला त्याच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा दिली. इटलीने त्याला तुरिनमध्ये अटकेत ठेवले खरे, परंतु फ्रान्सच्या स्वाधीन केले नाही.

या खुनाचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. मार्सेयच्या घटनेनंतर राष्ट्रसंघाने १९३७ साली जिनीव्हा येथे दहशतवादाच्या प्रतिबंधाचा एक आंतरराष्ट्रीय करार सिद्ध केला. चोवीस राज्यांनी त्यावर सह्या केल्या. पण त्याला रीतसर मान्यता देणारे राज्य एकच निघाले, आणि ते म्हणजे त्या वेळचा ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थान. करार कधीच अमलात आला नाही.

१९३७ मध्ये इटलीने युगोस्लाव्हियाशी मैत्रीचा तह केला, तेव्हा पावेलिचची संघटना मोडण्यात आली आणि त्याला गप्प बसविण्यात आले. आश्रयदात्याला गरज वाटली की पुढे आणावयाचे, गरज सरली की कोपऱ्यात बसवावयाचे, असे हे जिणे होते. एवढ्यावरून जो धडा घ्यावयाचा तो त्याने घेतला नाही.

अडतीस दिवसांचा हिशोब

मार्च १९४१ मध्ये युगोस्लाव्हिया जर्मनीच्या गोटात सामील झाला. दोनच दिवसांत लष्करी उठाव होऊन ते सरकार पडले. ६ एप्रिलला हिटलरच्या विमानांनी बेलग्रेडवर अग्निवर्षाव केला. जर्मनांनी क्रोएशियाचे राज्य प्रथम माचेकला देऊ केले. त्याने ते नाकारले. पावेलिच हा त्यांचा दुसरा पर्याय होता. जर्मन दूत वेझेनमायर याच्या सूत्रचालनाखाली स्लाव्को क्वातेर्निक या निवृत्त अधिकाऱ्याने घोषणा केली आणि १५ एप्रिलच्या पहाटे पावेलिच आपल्या काहीशे अनुयायांसह झाग्रेबला पोहोचला. बारा वर्षांनी तो मायदेशी परतत होता.

या ‘स्वतंत्र क्रोएशिया राज्या’त संपूर्ण बोस्निया-हर्सगोविना अंतर्भूत होता. लोकसंख्या साठ लाखांहून अधिक. त्यांत सुमारे एकोणीस लाख सर्ब. म्हणजे दर दहांत तीन माणसे अशी होती की ज्यांना या राज्यात स्थानच नव्हते.

त्याचे स्वातंत्र्य किती खरे होते, याचा निकाल १८ मे १९४१ रोजी रोममध्ये लागला. पावेलिचने मुसोलिनीशी तह केला आणि दाल्मेशियाचा मोठा भाग इटलीला लिहून दिला. स्प्लिट, शिबेनिक, त्रोगिर ही नगरे, कोतोरचे आखात आणि बेटांपैकी बहुसंख्य बेटे गेली. त्याशिवाय इटलीच्या राजघराण्यातील स्पोलेतोच्या सरदाराला क्रोएशियाचे राजपद देण्यात आले. दहाव्या शतकातील पहिला क्रोएट राजा तोमिस्लाव्ह याच्या स्मृतीने त्याला ‘दुसरा तोमिस्लाव्ह’ म्हटले गेले. पण या राजाने आपल्या राज्यात कधी पाऊल टाकले नाही. उत्तरेकडील मेजिमुर्ये प्रांत हंगेरीने घेतला. उरलेल्या भूमीचेही दोन भाग पडले. एकात जर्मन सैन्य, दुसऱ्यात इटालियन सैन्य.

ज्याने आयुष्यभर बेलग्रेडला क्रोएशियाची वीतभर जमीन मागितली, त्याने सत्तेवर आल्यावर शतकानुशतके क्रोएटांनी वसविलेला समुद्रकिनारा परक्याच्या पदरात टाकला. घोषणेपासून या तहापर्यंत अडतीस दिवस झाले होते. जे राज्य परक्याच्या हातून घेतले जाते, त्याची किंमत तोच परका ठरवितो.

कायदा आणि ‘आर्य’ शब्द

परक्यापुढे झुकलेला हा नायक घरातील दुबळ्यांवर मात्र वज्रासारखा कोसळला. १७ एप्रिललाच ‘राष्ट्र व राज्य संरक्षणा’चा कायदा निघाला, राष्ट्राच्या हिताला बाधा आणणे या मोघम आरोपाखाली देहान्ताची शिक्षा देता येऊ लागली. २५ एप्रिलला सिरिलिक लिपीवर बंदी आली. ३० एप्रिलला वंशविषयक कायदे झाले. त्यांत रक्ताच्या आधारे कोण ‘आर्य’ आणि कोण नव्हे हे ठरविले होते.

संस्कृत वाङ्मयाशी परिचय असलेल्या वाचकास येथे थांबावेसे वाटेल. ‘आर्य’ हा शब्द आपल्याकडे शिष्ट, सदाचारी पुरुषासाठी, वडीलधाऱ्यांच्या आदरार्थी संबोधनासाठी योजला जातो. युरोपातील वंशवाद्यांनी तो उचलला, त्यातील आचार काढून टाकला आणि केवळ रक्त शिल्लक ठेवले. तेच नाणे झाग्रेबच्या सरकारी मुद्रणालयातून बाहेर पडले.

या कायद्याची खोटी बाजू त्याच्याच एका कलमात होती. ज्यांनी क्रोएट राष्ट्राची पूर्वी सेवा केली आहे, अशा ज्यूंना सूट देण्याचा अधिकार पोग्लाव्निकने आपल्याकडे राखला होता. कारण उघड होते. पावेलिचच्या पत्नीचे मातृकुळ ज्यू होते. घोषणा करणाऱ्या क्वातेर्निकची पत्नी ही योसिप फ्रांकची मुलगी. म्हणजे दहशतीचे यंत्र चालविणारा त्यांचा मुलगा, सुरक्षा विभागाचा प्रमुख दिदो क्वातेर्निक, हा जन्माने ज्यू असलेल्या फ्रांकचा नातू होता. रक्ताचा सिद्धांत दुसऱ्याच्या घरापुरता होता. स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर तो थांबत होता.

सर्बांविषयीचे धोरण तीन अंगांनी चालले : काहींना हाकलावयाचे, काहींना कॅथलिक करावयाचे आणि उरलेल्यांना मारावयाचे. एप्रिलच्या अखेरीस गुदोव्हात्स गावी सुमारे १९० सर्ब पुरुष गोळ्या घालून मारले गेले. ग्लीना येथे मे महिन्यात शेकडो पुरुष मारले गेले. पुढे उन्हाळ्यात त्याच गावच्या चर्चमध्ये, धर्मांतराच्या निमित्ताने बोलावून आणलेल्या सर्बांची कत्तल झाली. ऑर्थोडॉक्स चर्चची नावाने ओळखसुद्धा पुसण्याचा हुकूम निघाला. जीव वाचावा म्हणून हजारो कुटुंबांनी धर्म बदलला. धर्म ही अंतःकरणाची निष्ठा. ती जेव्हा तलवारीखाली बदलून घेतली जाते, तेव्हा बदलणाऱ्याचा धर्म जातो तो जातोच, बदलविणाऱ्याचाही राहत नाही.

जून १९४१ मध्ये पावेलिच हिटलरला भेटला. राज्य टिकवावयाचे असेल तर पन्नास वर्षे असहिष्णू धोरण चालविले पाहिजे, असा सल्ला त्याला तेथे मिळाला. या धोरणाचे फळ पन्नास महिनेही टिकले नाही. घरे जळालेले सर्ब शेतकरी रानात गेले आणि बंडाची आग सर्वत्र पसरली. झाग्रेबमधील जर्मन सेनापती ग्लेझ-होर्स्टेनाउ यालाही उस्ताशांच्या अत्याचारांविरुद्ध वरिष्ठांकडे अहवाल पाठवावे लागले. त्याची काळजी मुख्यतः अशी की या कत्तलींमुळे शत्रूला सैनिक मिळत आहेत. मग १९४२ च्या एप्रिलात पावेलिचनेच एका निर्वासित रशियन बिशपला पुढे करून ‘क्रोएट ऑर्थोडॉक्स चर्च’ स्थापले. वर्षापूर्वी ज्या पंथाचे अस्तित्वच नाकारले होते, त्याला आता सरकारी रूप दिले गेले. पण विश्वास हुकमाने उत्पन्न होत नाही.

यासेनोव्हात्स

झाग्रेबच्या आग्नेयेस सुमारे शंभर किलोमीटरवर, सावा आणि उना या नद्यांच्या संगमाजवळ यासेनोव्हात्स हे गाव आहे. ऑगस्ट १९४१ पासून एप्रिल १९४५ पर्यंत तेथे छावण्यांचा एक समूह होता. त्यातील मुख्य छावणी एका वीटभट्टीच्या जागेत होती. या छावणीविषयी एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. ती जर्मनांनी चालविलेली नव्हती. तिचे अधिकारी, पहारेकरी आणि मारेकरी सारे पावेलिचच्या राज्याचे नोकर होते. तेथील बहुतेक हत्या यंत्राने नव्हे, तर सुरी, हातोडा आणि कुऱ्हाड यांनी, माणसाने माणसाच्या समोर उभे राहून केल्या. छावणीच्या अधिकाऱ्यांत संघातून काढून टाकलेला एक फ्रान्सिस्कन भिक्षूही होता. युद्धानंतर त्याला फाशी झाली.

२२ एप्रिल १९४५ रोजी उरलेल्या कैद्यांपैकी सुमारे सहाशे जणांनी दरवाजे फोडून पळण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी शंभरही वाचले नाहीत.

त्याच मातीतील दुसरी माणसे

या साऱ्यावरून क्रोएट जातच अशी, असे कोणी म्हणेल तर तो पावेलिचचाच तर्क उलट बाजूने चालवील. रक्तावरून माणसाचे पाप-पुण्य ठरत नाही. माचेक याने परक्याचे राज्य नाकारले आणि १९४१ च्या हिवाळ्यात त्यालाच काही महिने यासेनोव्हात्सला डांबण्यात आले. २२ जून १९४१ रोजी सिसाक नगराजवळच्या रानात प्रतिकाराची जी सशस्त्र तुकडी उभी राहिली, तीत बहुतेक क्रोएट होते. वृद्ध कवी व्लादिमिर नाझोर वयाच्या सहासष्टाव्या वर्षी झाग्रेब सोडून प्रतिकारकांना मिळाला. इव्हान गोरान कोव्हाचिच या तरुण क्रोएट कवीने उस्ताशांच्या बळींचे दुःख ‘यामा’, म्हणजे ‘खड्डा’, या काव्यात मांडले. आणि १९४३ साली तो सर्ब चेतनिकांच्या हातून मारला गेला. चेतनिकांनी मुसलमान व क्रोएट खेड्यांवर केलेले अत्याचारही इतिहासात नोंदलेले आहेत. सूडाच्या त्या फेऱ्यात कोणत्याच बाजूचे हात स्वच्छ राहिले नाहीत. ज्यूंना जीव धोक्यात घालून वाचविणाऱ्या शंभराहून अधिक क्रोएटांचा इस्रायलने पुढे गौरव केला.

झाग्रेबचा आर्चबिशप आलोइझिये स्तेपिनात्स याचे वर्तन आजही वादाचा विषय आहे. त्याने एप्रिल १९४१ मध्ये नव्या राज्याचे स्वागत केले. पुढे त्यानेच प्रवचनांतून वंशद्वेषाचा निषेध केला आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये पावेलिचला पत्र लिहून यासेनोव्हात्स हा राज्यावरील लज्जास्पद डाग असल्याचे कळविले. युद्धानंतर साम्यवादी न्यायालयाने त्याला सोळा वर्षांची शिक्षा दिली. १९९८ साली पोपने त्याला धन्य घोषित केले. दोन्ही बाजूंना तो अर्धा-अर्धाच दिसतो.

या काळोखात एका स्त्रीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. दियाना बुदिसाव्ल्येविच ही मूळची ऑस्ट्रियन. एका सर्ब शल्यवैद्याची झाग्रेबमध्ये राहणारी पत्नी. छावण्यांत मुले मरत आहेत असे कळताच १९४१ च्या शरदात तिने मदतीचे काम सुरू केले. अधिकाऱ्यांची दारे ठोठावून तिने व तिच्या सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक मुले बाहेर काढली आणि ती क्रोएट कुटुंबांत व संस्थांत ठेवली. पुढे आईबापांना आपले मूल सापडावे म्हणून तिने प्रत्येक मुलाच्या माहितीचे कार्ड तयार केले. १९४५ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी ती सारी कार्डे तिच्याकडून काढून घेतली. तिचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. १९७८ साली ती वारली आणि २००३ साली तिची दैनंदिनी झाग्रेबमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हे कार्य जगापुढे आले.

पलायन आणि अखेर

१९४३ च्या सप्टेंबरात इटली शरण गेली, तरी दाल्मेशिया परत मिळविण्याचे सामर्थ्य पावेलिचकडे नव्हते. आता मालक केवळ जर्मन उरले. १९४४ च्या ऑगस्टात लोर्कोविच व वोकिच या त्याच्या दोन मंत्र्यांनी दोस्त राष्ट्रांकडे वळण्याचा बेत केला. त्याने त्यांना अटक करविली आणि १९४५ च्या वसंतात ते मारले गेले.

६ मे १९४५ रोजी पावेलिच झाग्रेबमधून निघाला. दोन दिवसांनी टिटोच्या फौजा शहरात शिरल्या. त्याचे सैनिक आणि भेदरलेली कुटुंबे ऑस्ट्रियाच्या सीमेकडे धावत सुटली. ब्लायबुर्ग येथे ब्रिटिशांनी त्यांची शरणागती नाकारली. टिटोच्या सैन्याने त्या परतीच्या वाटेवर हजारोंच्या हजारो कैदी चौकशीवाचून मारले. त्यांत अपराधी होते तसे निरपराधही होते. हा गुन्हाही गुन्हाच. पण ज्याच्या आज्ञेने ही माणसे त्या वाटेला लागली, तो नायक त्यांच्यात नव्हता. तो आधीच पार झाला होता.

ऑस्ट्रियात लपून, मग रोममध्ये क्रोएट धर्मगुरूंच्या वर्तुळात आश्रय घेऊन, नोव्हेंबर १९४८ मध्ये तो खोट्या नावाने अर्जेंटिनाला पोहोचला. तेथेही १९५६ साली त्याने ‘क्रोएट मुक्ती चळवळ’ नावाची संस्था काढली. १० एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे राज्यघोषणेच्या सोळाव्या वर्धापनदिनी, ब्वेनोस आयरेसच्या उपनगरात त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तो वाचला, पण त्याला देश सोडावा लागला. फ्रँकोच्या स्पेनने त्याला ठेवून घेतले आणि २८ डिसेंबर १९५९ रोजी माद्रिदच्या एका रुग्णालयात तो मरण पावला. दोन देशांच्या न्यायालयांनी ज्याला मृत्युदंड दिला होता, तो अंथरुणावर मेला. न्याय उशिरा आणि दुसऱ्यांपर्यंत पोहोचला : गृहमंत्री आर्तुकोविच याला अमेरिकेने १९८६ साली परत पाठविले आणि तो तुरुंगाच्या रुग्णालयात १९८८ मध्ये वारला, यासेनोव्हात्सचा एक अधिकारी दिंको शाकिच याला १९९८ साली अर्जेंटिनातून आणून १९९९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा खुद्द क्रोएशियाच्या न्यायालयाने दिली.

मृतांची मोजदाद

मेलेल्यांचा छळ मरणाने संपला नाही. टिटोच्या राजवटीत यासेनोव्हात्सच्या बळींचा आकडा सात लाख सांगितला जाई. उलट पुढे स्वतंत्र क्रोएशियाचा अध्यक्ष झालेल्या फ्रांयो तुजमान याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात तो तीस-चाळीस हजारांवर आणला. एकाने फुगविले, दुसऱ्याने आटविले. दोघांनाही माणसे नको होती; आकडा हवा होता. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया मोडू लागला तेव्हा हेच आकडे सर्बांच्या मनात भय पेरण्यासाठी वापरले गेले. पुन्हा उस्ताशा येत आहेत, या आरोळीवर बंदुका वाटल्या गेल्या. त्या युद्धात वुकोवार उद्ध्वस्त झाले आणि १९९५ मध्ये दीड लाखांहून अधिक सर्ब क्रोएशियातून परागंदा झाले. पन्नास वर्षांपूर्वीच्या पातकाचे व्याज नातवंडांनी भरले.

सत्याचा शोध घेणारेही निघाले. कोचोविच हा सर्ब आणि झेर्याविच हा क्रोएट, दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे युगोस्लाव्हियाच्या युद्धहानीचे गणित मांडले. सरकारी आकडा सतरा लाखांचा होता. दोघांचे उत्तर मात्र दहा लाखांच्या किंचित पुढे, जवळजवळ एकच आले. अमेरिकेच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या अंदाजाप्रमाणे पावेलिचच्या राजवटीने ३,२०,००० ते ३,४०,००० सर्ब मारले. तेथील सुमारे चाळीस हजार ज्यूंपैकी तीस हजारांच्या आसपास मृत्यू पावले. रोमा समाज तर जवळजवळ निर्वंश झाला.

यासेनोव्हात्सच्या स्मारकसंस्थेने वेगळा मार्ग धरला. तिने अंदाज बाजूला ठेवून नावे गोळा केली. तिच्या यादीत ८३,१४५ नावे भरली : ४७,६२७ सर्ब, १६,१७३ रोमा, १३,११६ ज्यू, आणखी इतर. त्यांतील २०,१०१ मुले चौदा वर्षांच्या आतली. ही संख्या अंतिम नव्हे. पण तिच्यातील प्रत्येक एकक म्हणजे आईबापांनी ठेवलेले एक नाव आहे, आणि त्यामुळे ती वाढवावयाची झाली तरी नाव आणावे लागते व घटवावयाची झाली तरी नाव पुसावे लागते.

डिसेंबर १९९० मध्ये क्रोएशियाने नवी राज्यघटना केली. तिच्या प्रस्तावनेत राज्याच्या परंपरेचा जो उल्लेख आहे, त्यात १९४१ च्या राज्यघोषणेच्या विरोधात उभ्या राहिलेल्या १९४३ च्या प्रतिकारक परिषदेला स्थान दिलेले आहे. वृद्ध नाझोर त्याच परिषदेचा अध्यक्ष होता. पावेलिचच्या घोषणा भिंतींवर लिहिणारे लोक तेथे अद्याप आढळतात, त्यावरून वाद होतात. तरीही ज्या राष्ट्राचा तारणहार म्हणून तो मिरवला, त्या राष्ट्राने आपल्या मूळ कायद्यात त्याचा वारसा नाकारला आहे.

यासेनोव्हात्सच्या संग्रहालयात २००६ पासून ही नावे काचेच्या तक्तपोशींवर लिहिलेली दिसतात. त्या नावांत ४,२५५ नावे क्रोएटांची आहेत. ज्यांच्या रक्ताच्या शुद्धीसाठी हे राज्य उभारले असे पावेलिच सांगत होता, त्यांचीच ती नावे. आणि ती सर्ब, ज्यू व रोमा नावांच्या शेजारी आहेत.